मुलांचा कर्करोग वॉर्ड हलवताना विचारले कोणाला? लंडनचा निर्णय आणि आपला परळ-खारघर प्रश्न

लंडनमध्ये कर्करोगग्रस्त मुलांवरील उपचारांचे एक मोठे केंद्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा निर्णय १४ मार्च २०२४ रोजी झाला. वरवर पाहता ही परदेशातील रुग्णालयाची प्रशासकीय बातमी आहे. पण निर्णय कसा झाला, कोणी विरोध केला आणि सरकारी यंत्रणेला कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवे. कारण असाच प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. गडचिरोली, नांदेड किंवा नंदुरबारहून आजारी लेकरू कडेवर घेऊन मुंबईत उतरणाऱ्या आई-बापांचा तो प्रश्न आहे.

नेमके काय घडले?

दक्षिण लंडन, केंट, सरे, ब्रायटन आणि पूर्व ससेक्स या भागातील १५ वर्षे व त्याखालील कर्करोगग्रस्त मुलांचे मुख्य उपचार केंद्र दोन रुग्णालये मिळून चालवत आली. पहिले म्हणजे सटन येथील रॉयल मार्सडेन. १८५१ साली सुरू झालेली ही संस्था केवळ कर्करोगासाठी स्थापन झालेले जगातील पहिले रुग्णालय मानली जाते. दुसरे म्हणजे टूटिंग येथील सेंट जॉर्ज रुग्णालय. केमोथेरपी आणि संशोधन मार्सडेनमध्ये, तर बहुतांश शस्त्रक्रिया व लहान मुलांचा अतिदक्षता विभाग सेंट जॉर्जमध्ये, अशी ही विभागणी.

अडचण इथेच होती. मार्सडेनच्या सटन येथील रुग्णालयात लहान मुलांचा अतिदक्षता विभाग नाही. मुलाची प्रकृती अचानक बिघडली तर त्याला रुग्णवाहिकेतून सुमारे आठ मैलांवरील टूटिंगला न्यावे लागते. २०२० मध्ये सर माईक रिचर्ड्स यांनी या विषयाचा स्वतंत्र आढावा घेतला. २०२१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने नियमच केला की, अशा प्रत्येक मुख्य केंद्राच्या आवारातच मुलांचा अतिदक्षता विभाग असला पाहिजे. त्यामुळे हलवणे अटळ झाले. वाद उरला तो एवढाच की, केंद्र कुठे न्यायचे?

दोन पर्याय होते, सेंट जॉर्ज किंवा वेस्टमिन्स्टरसमोर थेम्सच्या दुसऱ्या काठावर असलेले एव्हलिना लंडन हे खास मुलांचे रुग्णालय. २६ सप्टेंबर ते १८ डिसेंबर २०२३ असे बारा आठवडे लोकांचे म्हणणे मागवण्यात आले आणि शेवटी एव्हलिनाची निवड झाली. रेडिओथेरपी युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात नेण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२६ पूर्वी स्थलांतर होणार नाही, असेही त्या वेळी जाहीर करण्यात आले.

अतिदक्षता विभाग शेजारीच का हवा?

केमोथेरपीने कर्करोगाच्या पेशी मरतात, तशाच शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. अशा मुलाला ताप येणे ही साधी गोष्ट नसते. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे लागते, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात पसरून मूल दगावू शकते. कधी गाठ झपाट्याने विरघळते आणि तिच्यातील घटकांचा भार मूत्रपिंडावर पडतो, कधी श्वास अडतो. अशा वेळी मुलांचे मूत्रपिंडतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ आणि अतिदक्षता डॉक्टर एकाच छताखाली असणे हा जीवन-मरणाचा फरक ठरू शकतो. शिवाय मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. त्याचे औषधाचे प्रमाण, भूल, वेदना, खेळ आणि शाळा या साऱ्यांचा वेगळा विचार करावा लागतो. मुलांच्या खास रुग्णालयाच्या बाजूचा युक्तिवाद म्हणूनच भक्कम आहे.

मग पालकांनी विरोध का केला?

विरोध करणारे पालक अडाणी किंवा हट्टी नव्हते. त्यांचे मुद्दे ठोस होते. सेंट जॉर्जकडे मुलांच्या कर्करोग शस्त्रक्रियेचा अनेक वर्षांचा अनुभव आहे आणि मेंदूची शस्त्रक्रियाही तेथे होते. एव्हलिनाच्या आवारात मुलांची मेंदू शस्त्रक्रिया होत नाही. मग मेंदूत गाठ असलेल्या मुलाच्या बाबतीत ‘एका छताखाली’ हा दावा कितपत खरा? सटनमधील अनुभवी परिचारिका नव्या ठिकाणी येतील का? मार्सडेनला लागून असलेल्या कर्करोग संशोधन संस्थेशी जुळलेले नाते टिकेल का?

आणि सर्वांत मोठा मुद्दा प्रवासाचा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला गर्दीच्या रेल्वेत नेता येत नाही, म्हणून पालक स्वतःची गाडी वापरतात. सटनला गाडीने पोचणे सोपे होते. मध्य लंडनमध्ये वाहतूक कोंडी, शुल्क आणि पार्किंगची मारामार. उलटी करणाऱ्या मुलाला घेऊन दीड-दोन तास गाडीत बसणे काय असते, हे नकाशावर अंतर मोजणाऱ्याला कळत नाही.

यावर यंत्रणेचे उत्तर असे होते की, दोन्ही पर्याय चांगली सेवा देऊ शकतात, पण एकूण गुणांकनात एव्हलिना सरस ठरले. सर्वांचे समाधान झाले नाही. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिथे ‘आम्हाला विचारा’ अशी विनंती करावी लागत नाही, कारण विचारणे हे कायद्याने यंत्रणेचे कर्तव्य आहे. २०१० च्या समता कायद्यानुसार निर्णयाचा परिणाम वंश, अपंगत्व, वय, धर्म आदी गटांवर काय होईल, याचा विचार करावा लागतो. गरीब वस्त्यांतून केंद्रापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, याचाही अभ्यास मांडला गेला. स्थानिक लोकप्रतिनिधींच्या छाननी समित्यांनी अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले.

हा कायदाही परिपूर्ण नाही. त्यात जातीचा स्पष्ट समावेश व्हावा म्हणून ब्रिटनमधील आंबेडकरी संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसा कायदा करणार नाही, असे जाहीर केले. विचारण्याची पद्धत असली म्हणून सगळे ऐकले जातेच असे नाही. पण पद्धतच नसेल तर ऐकून घेण्याची सक्तीच कोणावर राहत नाही.

परळ आणि खारघर

आता आपल्याकडे पाहू. परळला टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. त्याच परिसरात केईएम आहे आणि १९२९ पासूनचे मुलांचे वाडिया रुग्णालयही आहे. देशभरातून, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून मुले येथे येतात. रक्ताच्या कर्करोगाचा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार बऱ्याच अंशी बरा होतो, पण त्यासाठी दोन ते तीन वर्षे उपचार चालतात. एवढा काळ कुटुंबाने राहायचे कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, सेंट ज्यूड्ससारख्या संस्थांची केंद्रे आधार देतात. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, त्यांचा संसार परळच्या फुटपाथवर आपण सर्वांनी पाहिला आहे.

११ मे २०२३ रोजी खारघर येथील टाटाच्या आवारातील महिला व बाल कर्करोग रुग्णालयाच्या इमारतीचे लोकार्पण झाले. परळची गर्दी पाहता नवी, मोठी आणि स्वच्छ जागा हवीच होती. लंडनप्रमाणेच इथेही मूळ कल्पनेला विरोध करण्याचे कारण नाही. पण लंडनचे पालक जे प्रश्न विचारत होते, ते इथे कोणी विचारले? मुलांचा कोणता उपचार परळला आणि कोणता खारघरला, हे कुटुंबाला आधी आणि त्याच्या भाषेत सांगितले जाते का? अतिदक्षता, रक्तपेढी, शस्त्रक्रिया आणि रेडिओथेरपी यांसाठी एका आजारी मुलाला दोन ठिकाणी फिरावे लागणार का? स्वस्त निवासाची जुनी व्यवस्था बहुतांश दादर-परळभोवती वाढली. खारघरला तेवढ्या खाटा कोण आणि कधी उभारणार?

अंतर हाही उपचाराचाच भाग

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. औषध सारखे, आजार सारखा, मग फरक कशाचा? उशिरा निदान, औषधांचा तुटवडा आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार. बापाची मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात, उधारी संपते आणि कुटुंब गावी परतते. कागदावर नोंद होते, ‘रुग्ण पुन्हा आला नाही’.

टाटाच्या बालकर्करोग विभागाने निवास, अन्न, रक्त आणि आर्थिक मदत उपचारालाच जोडली, तेव्हा उपचार सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणजे धर्मशाळेतील खाट आणि रेल्वेचा पास हीसुद्धा औषधेच आहेत.

इंग्लंडकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथे अवघड उपचार मुख्य केंद्रात होतात, पण रक्त तपासणी, तापावरील उपचार आणि काही केमोथेरपी घराजवळच्या जिल्हा रुग्णालयात मुख्य केंद्राच्या देखरेखीखाली दिली जाते. गुंतागुंतीचे एकवटायचे आणि नेहमीचे घराजवळ न्यायचे. आपल्याकडे मात्र तापासाठीही मुलाला पुन्हा मुंबईचीच गाडी धरावी लागते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात किमान प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञ व परिचारिका या कामासाठी असाव्यात, ही मागणी मोठ्या इमारतीच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, वस्तीत माहिती पोचवा. न उतरणारा ताप, फिकटपणा, अंगावर निळे-जांभळे डाग, मानेत वा पोटात वाढणारी गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक ही लक्षणे दिसली तर अंगारे-धुपारे न करता मुलाला थेट सरकारी रुग्णालयात न्या.

दुसरी, हक्काच्या योजना सांगा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबतच्या एका व्यक्तीला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. कागदपत्रांसाठी एक शिकलेला तरुण सोबत गेला तरी कुटुंबाचे आठ दिवस वाचतात.

तिसरी, माहितीच्या अधिकारात विचारा. कोणते विभाग हलणार, निवासाची सोय किती, जिल्हा रुग्णालयांना काय प्रशिक्षण दिले? आणि मागणी करा की, मोठी आरोग्य सेवा हलवण्यापूर्वी रुग्णांचे आणि पालकांचे म्हणणे जाहीरपणे ऐकले जावे.

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक म्हटले आहे. लंडनच्या पालकांना मनासारखा निकाल मिळाला नाही, पण निर्णयापूर्वी त्यांना खुर्ची मिळाली आणि त्यांचे प्रश्न नोंदवले गेले. परळच्या फुटपाथवर बसलेल्या आईला ती खुर्ची अजून मिळायची आहे. ती मिळवून देणे हे आपले काम आहे.