कष्टाळू म्हणू नका

यंदा आमच्या आज्याच्या पुण्यानुमोदनाला गावचा एक पुढारी आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात हार. आज्याच्या फोटोला हार घातला आणि माईकवर बोलला, "असा कष्टाळू माणूस होणे नाही. जन्मभर राबला. कधी तक्रार नाही, कुणाशी वाकडं नाही." आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आपल्यातल्याच एका पोरानं कविता म्हटली. तिच्यात आजा म्हंजे घामाचा डोंगर. बाया डोळे पुसायला लागल्या. मीही पुसले. कविता माझीच होती, चार वर्षांमागं लिहिलेली.

मित्रांनो, ती कविता खोटी आहे. मी ती मागं घेतो. का घेतो ते ऐका.

आजा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. पाऊस नाही आणि जमीन तर नाहीच. १९५६ साली, अठराव्या वर्षी पोटासाठी मुंबईला गेला. त्याच सालच्या ७ डिसेंबरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत चालला. दादरच्या चौपाटीवर चितेसमोर ज्यांनी हात जोडून दीक्षा घेतली, त्या गर्दीत तो होता. दुसऱ्या साली एका गिरणीत बदलीवर लागला. रिंगखात्यात, म्हंजे सूत कातायला.

पगार कुठं जास्त? साचेखात्यात, जिथं कापड विणतात तिथं. मग आजा तिथं का नाही गेला? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं, अशी तिथली रीत. एका धोट्याला चार जणांची तोंडं लागायची. महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार आपल्या ओठाला लावील? नाही लावणार. म्हणून साचेखातं आपल्याला बंद. हा नियम मालकानं पाटीवर लिहून लावला नव्हता. शेजारच्या साच्यावर उभा असलेला कामगारबंधूच तो पाळत होता. युनियनच्या सभेत तोच आपल्याला कॉम्रेड म्हणायचा.

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत घाला, म्हणाले. घातली त्यांनी, पण नाखुशीनं. १९५० च्या घटनेनं अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्यानं ती गुन्हा ठरवली. आणि १९५७ साली जॉबर आमच्या आज्याला म्हणाला, "साच्यावर? तू? गुमान रिंगमधी उभा ऱ्हा."

आता सांगा. आजा पंचवीस वर्षं रिंगखात्यात राबला, हा त्याचा गुण म्हणायचा का त्याला झालेली शिक्षा?

पुढारी म्हणतो, तक्रार नाही. अरे, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आजा पहिल्याच दिवशी. दीड वर्ष घरात पगार नाही. शेवटी भांडी विकली, पण दार उघडलं तरी तो वाकून आत गेला नाही. ह्याला तक्रार नाही म्हणतात का? पुढाऱ्याला न भांडलेला आजा पाहिजे. मेलेला माणूस भांडत नाही, म्हणून तर हार घालायला बरा.

१९८३ ला आजा गावाकडं आला. काय घेऊन आला? खोकला. तो सांगायचा, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळायची, हप्ता सरता सरता थोडी मोकळी व्हायची. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाची ही सुरुवातीची खूण आहे. बिसिनोसिस त्याचं नाव. कायद्यात तो कामामुळं होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे, त्याची भरपाई मागता येते. आज्याच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं, दमा, बिडीचा. आज्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. २०१६ साली तो धापा टाकतच गेला. ह्या सगळ्याला माझ्या कवितेत मी 'घाम' म्हटलं होतं. लाज वाटते.

आणि आता आपल्या घरातलं बोलू. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

संपानंतर घर कुणी चालवलं? आजीनं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, पोटुशी असताना पाट्या उचलल्या. संध्याकाळी येऊन चूल. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण? आजा. हप्त्याचे पैसे कुणाच्या हातात? आज्याच्या. आणि गिरणीचा राग अंगात आला की तो आजीवर हात उचलायचा. हेही खरं आहे. कवितेत हे नव्हतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर थोरल्या बाईचं नाव प्रमुख म्हणून आलं, तेव्हा आजी हसली. म्हणाली, "आता लिव्हलं व्हय? हातपाय मोडल्यावर."

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हंजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना दिलेला नकार, हेही तिथंच समजावलं. तो नकार आमच्या चुलीपाशीही बसलेला होता. आज्यावर माझी माया आहे. म्हणूनच त्याला देव करून भिंतीवर टांगायला मी तयार नाही. देवाला कुणी काही विचारत नाही.

मी आज एका सूतगिरणीत कंत्राटावर रात्रपाळी करतो. रिंगवरच. तिसरी पिढी गावाबाहेर पडली, पण खातं तेच राहिलं. सुपरवायझर पाठीवर हात ठेवतो, "तू फार कष्टाळू पोरगा आहेस रे," आणि दुसरी पाळी गळ्यात घालतो. तो हात पाठीवर पडला की मला पुढाऱ्याचा हार आठवतो.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या पुण्यानुमोदनाला कुणी 'कष्टाळू' म्हणालं तर उठून उभे राहा आणि विचारा. कुठल्या खात्यात होता? वरचं खातं कुणी बंद केलं होतं? पगार किती? छाती कशानं गेली? घरात कोण उपाशी झोपलं आणि कुणी मार खाल्ला? आपापल्या आज्या-आजीची ही उत्तरं लिहून आणा. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. पुढच्या अंकात माझ्या कवितेच्या जागी ती छापू.