एआय-आरोग्य संशोधन: अनुदानाचा अर्ज कुठे अडतो?

आयसीएमआरकडे अनुदान मागताना इंजिनीअर मंडळी मॉडेलच्या अचूकतेवरच भर देतात. कळीचा प्रश्न वेगळाच: रुग्णांचा डेटा कुणाच्या परवानगीने घेणार?

जीपीयूची अडचण तुलनेने सुटलीय. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या इंडिया एआय मिशनमधून ते सवलतीत मिळतात. डेटाला मात्र सवलत नाही. आयसीएमआरच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते. डेटात विविधताही हवी. मुंबईतल्या बड्या रुग्णालयाच्या एक्स-रेंवर शिकलेलं मॉडेल गडचिरोलीतल्या पोर्टेबल मशीनच्या एक्स-रेवर चुकू शकतं.

म्हणून कोडच्या आधी सहसंशोधक डॉक्टर शोधा. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी समिती रुग्णाच्या संमतीची अट शिथिल करू शकते. पण ती सूट अर्ज करूनच मागावी लागते.