शेळीचे जंत : औषध अंदाजाने नको

पावसाळ्यात मानोरा, मंगरूळपीरकडे फिरताना एकच तक्रार ऐकू येते : "साहेब, जंताचं औषध पाजलं, तरी शेळ्या खंगतातच." औषधच बोगस, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते चूक बहुतेक वेळा मापात असते. वजन न करता लहान-मोठ्या सगळ्यांना एकच झाकणभर! मोठ्या शेळीला ते कमी पडते; वाचलेले जंत पुढे औषधाला दाद न देणारी पिलावळ वाढवतात. मेंढीचे मापही शेळीला चालेलच असे नाही, ते डॉक्टरांना विचारावे.

हिमोन्कस हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. त्याने हगवण लागेलच असे नाही, म्हणून लेंडी बांधीव दिसली तरी गाफील राहू नका. खालची पापणी ओढून बघा. पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळी दव वाळेपर्यंत नाल्याकाठी चारू नका. ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात.

सरपंच मंडळींनी ग्रामपंचायतीत एक वजनकाटा ठेवावा. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा?