ऑक्सिजन सेन्सर : पत्रलेखकांस उत्तर



लाखाहून अधिक किलोमीटर धावलेल्या पेट्रोल गाडीचे ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा गॅरेजवाल्यांनी माथी मारलेला खर्च असून, पीयूसीचा दाखला मिळतो तोवर त्याची तजवीज करण्याचे कारण नाही, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अमान्य आहे. तो दाखला उभ्या गाडीचा, घटकाभराचा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतील प्राणवायूचे मान इंजिनास कळविणारा झिर्कोनियाचा सेन्सर शाबूत असता त्याचा संदेश ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाट्याने खालीवर होत राहतो. काजळीने व तेलाच्या राखेने तो मंदावला, की पुष्कळदा इंजिनाचा दिवा न लागताही पेट्रोल जादा जळू लागते आणि कितीतरी महाग असा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याची वेळ येते. शिवाय सायंकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकापासून वाकडच्या पुलापर्यंत खोळंबलेल्या रांगेत, तोंडास रुमाल बांधून दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या छातीत अशा गाड्यांचा धूर जातो, याची दखल पत्रलेखकांनी मुळीच घेतलेली नाही.

सायलेन्सरची गळती वा उंदरांनी कुरतडलेली तार न तपासता सेन्सर बदलू पाहणाऱ्यास मात्र अवश्य हरकत घ्यावी. गाडीमालकांनी स्कॅनरवरील आलेख समक्ष पाहावा, आणि तो मंद आढळल्यास नवा सेन्सर विनाविलंब बसवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, हिंजवडी (ता. मुळशी)