वरून ओतलेलं पाणी

आमच्या बापजाद्यांना पाणी मिळतच नव्हतं, असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे. मिळायचं. विहिरीपासून लांब, हात जोडून उभं राहायचं. कुणा सवर्णाला दया आली तर तो वरून ओतणार, आपण खाली ओंजळ धरायची. धार त्याच्या हातात, तहान आमच्या घशात. त्याचं डोकं फिरलं की धार बंद. आणि पुण्य? तेही त्याच्याच खात्यावर.

बाबासाहेब महाडला गेले ते 'जरा जास्त ओता' असं सांगायला नाही गेले. २० मार्च १९२७ ला ते चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि आपल्या हातानं पाणी प्यायले.

मित्रहो, ही गोष्ट जयंतीच्या भाषणासाठी काढलेली नाही. औषधासाठी काढलीय. कारण आज दवाखान्याच्या दारात आपली माणसं पुन्हा ओंजळ धरून उभी आहेत. कॅन्सरचं औषध, बिघडलेल्या टीबीचं औषध, लहान पोरांच्या स्नायूंच्या आजाराचं औषध. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो. किंमत ऐकून माणूस भिंतीला टेकतो. मग लगेच कुणीतरी मायेनं सांगतं, "मदत मिळते हो, अर्ज करा." ट्रस्टकडे अर्ज, मंत्र्याच्या निधीकडे अर्ज, कंपनीच्या योजनेकडे अर्ज. उत्पन्नाचा दाखला आणा, नगरसेवकाचं पत्र आणा. नाहीतर पोराचा नळ्या लावलेला फोटो मोबाईलवर टाका आणि जगापुढे हात पसरा.

मदत कशी मिळवायची हे सगळेच सांगतात. किंमत कुणी लावली, हे विचारायचं मात्र कुणाच्या तोंडातून निघत नाही. आम्ही तेच विचारणार आहोत.

गोदीत राबणाऱ्याला एक खोड लागते. माल समोर आला की तो विचारतो : वजन किती, नग किती, हमाली किती, आणि मधल्यामध्ये खाल्ले किती? हाच हिशोब गोळीला लावून बघू.

नेक्साव्हर नावाचं औषध आहे. लिव्हरच्या आणि किडनीच्या कॅन्सरवर चालतं. बायर कंपनीचं. भारतात महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं अर्ज केला की हेच आम्ही बनवून देतो. ९ मार्च २०१२ ला पेटंट कंट्रोलरनं तिला परवाना दिला. नवी किंमत ठरली ८,८८० रुपये. एक गोळी २,३३७ रुपयांवरून ७४ वर आली. आणि त्या ७४ मध्ये नॅटकोचा नफा धरलेला आहे, बायरला द्यायची ६ टक्के रॉयल्टीही धरलेली आहे. म्हणजे जुन्या किमतीतल्या शंभर रुपयांत औषध तीन रुपयांचं. बाकीचे सत्त्याण्णव कशाचे? कुलपाचे! या कुलपाचं कायद्यातलं नाव पेटंट. कंट्रोलरच्या निकालात आणखी एक गोष्ट नोंदलीय : ज्यांना हे औषध लागत होतं त्यातल्या शंभरातल्या जेमतेम दोघांपर्यंत कंपनी पोचली होती. उरलेले अठ्ठ्याण्णव कुठे गेले, ते स्मशानात विचारा.

आता 'फुकट' वाटणाऱ्यांकडे वळू. ग्लिव्हेक हे रक्ताच्या एका कॅन्सरवरचं औषध. नोव्हार्टिस कंपनीचं. महिन्याला जवळजवळ १,२०,००० रुपये. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. २००३ मध्ये नोव्हार्टिसला भारतात एकटीनं विकायचा हक्क मिळाला आणि स्वस्त गोळ्यांवर गदा आली. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं पेटंटला विरोध केला. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट ऑफिसनं अर्ज फेटाळला. कंपनी लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ ला तिथंही हरली. या सगळ्या काळात कंपनी एक गोष्ट छाती फुगवून सांगायची : भारतातल्या ९५ टक्के रुग्णांना आम्ही हे औषध फुकट देतो.

थांबा. नीट ऐका. शंभरातल्या पंचाण्णव जणांना फुकट वाटता, तर मग पाच जणांसाठी कोर्टात सात-सात वर्षं कशाला झगडता राव? कारण धार स्वतःच्या हातात ठेवायची असते. कुणाला द्यायचं, किती दिवस द्यायचं, योजना कधी गुंडाळायची, हे त्यांनी ठरवायचं. दुसऱ्या कुणी तळ्यावर यायचं नाही. फुकट वाटलेली गोळी ही त्या कुलपाची राखणदार असते. "बघा, आम्ही किती दयाळू," असं म्हणून ती कुलपावर पांघरूण घालते.

उपकाराचं औषध कसं मोजून-मापून मिळतं ते टीबीनं दाखवलं. टीबी आपल्या वस्तीला नवा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं झोपतात, खिडकी गटारावर उघडते, तिथं तो घरजावयासारखा राहतो. शिवडीच्या हॉस्पिटलचा रस्ता आपल्या आयाबायांना पाठ आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन हे औषध निघालं. २०१६ मध्ये ते भारतात आलं ते जॉन्सन अँड जॉन्सनच्या दानातून. अख्ख्या देशात पाच शहरांतली सहा केंद्रं! पाटण्याहून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीत हे औषध नाकारलं गेलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. बापाला हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठं २०१७ मध्ये औषध मिळालं. दान असं असतं. दानाला हद्द असते, कोटा असतो, दारात हवालदार असतो.

मग २०१९ मध्ये दोन बाया उठल्या. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनी टीबी सोसलेला. जुन्या उपचारातल्या इंजेक्शनांनी दोघींचं ऐकणं गेलेलं. जॉन्सन कंपनीला बेडाक्विलिनच्या क्षाराचं नवं पेटंट काढून आपलं कुलूप २०२७ पर्यंत ठेवायचं होतं. या दोघींनी त्या अर्जाला विरोध केला. २३ मार्च २०२३ ला मुंबईच्या पेटंट ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच जुलैत मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना तळं मोकळं झालं. ज्यांचे कान गेले त्यांनीच साऱ्या जगाच्या कानाखाली आवाज काढला.  या पायऱ्या उतरल्या होत्या.

"पण सरकार तर मदत करतंय ना?" करतंय. २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. मे २०२२ पासून त्यात एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत केईएम त्याचं केंद्र. पन्नास लाख! आपल्या डोळ्यांपुढे एवढ्या रकमेचं चित्रसुद्धा उभं राहत नाही. पण हिशोब करा. पोरांचे स्नायू झिजवणाऱ्या एसएमए या आजारावर रिस्डिप्लाम हे रोश कंपनीचं औषध. एक बाटली सुमारे ६ लाख २० हजारांची. पन्नास लाखांत आठ बाटल्या. आठ बाटल्या संपल्या की पोर तिथंच, आजार तिथंच आणि सरकारचे पन्नास लाख कंपनीच्या गल्ल्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं आणि पाठोपाठ सुप्रीम कोर्टानं नॅटकोला अडवायला नकार दिला. नॅटकोची बाटली आली १५,९०० रुपयांना. आता त्याच पन्नास लाखांत तीनशेच्या वर बाटल्या येतात. म्हणजे मदत पोराला होत होती की कंपनीला, तुम्हीच सांगा.

आणि फोटो टाकून वर्गणी गोळा करायची म्हणता, तर ती कुणाला मिळते? ज्याच्या ओळखी अमेरिकेत आहेत, ज्याचे शाळूसोबती मोठ्या कंपन्यांत आहेत, त्याला. आपल्या पोराचा फोटो आपण कुणाला पाठवणार? शेजारच्या खोलीतल्याला. त्याचाही पगार दहा तारखेला संपलेला असतो. दयासुद्धा जात बघून वाहते, मित्रहो. ती नेहमी उतारानं जाते आणि आपली वस्ती तिच्या वाटेवर नसते.

कंपन्या म्हणतात, संशोधनाला पैसा लागतो. लागतो की! पण तो कुणाचा? ग्लिव्हेकमागचं महत्त्वाचं संशोधन अमेरिकेतल्या विद्यापीठात सरकारी आणि देणगीच्या पैशावर झालं. बेडाक्विलिनचा हिशोब २०२० मध्ये अभ्यासकांनी मांडला, तेव्हा त्यात कंपनीपेक्षा जनतेचा पैसा जास्त निघाला. जनतेनं तळं खोदायचं आणि काठावर पाटी यांची!

ही पाटी आपल्याला ओळखीची आहे. ज्ञान ऐकलंस तर कानात शिसं ओतीन, असं सांगणारी व्यवस्था आपण भोगलीय. आता शिसं ओतत नाहीत. औषधाची कृती पेटंटच्या कागदात छापलेली असते, कुणीही वाचावी. फक्त वीस वर्षं कुणी बनवायचं नाही. वाचायला मुभा, हात लावायला बंदी. मनूला हे सुचलं नव्हतं.

आता कुणी विचारेल, करायचं काय? तर महाडचाच धडा पुन्हा वाचा. १९२३ मध्ये बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी ठराव केला. हक्क कागदावर आला. तळ्यावर मात्र कुणी पोचलं नाही, १९२७ पर्यंत. औषधाचंही तसंच आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या मालावर पेटंट नाकारलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर दिलं. म्हणून या देशात स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. जागतिक व्यापार कराराच्या दबावाखाली २००५ पासून मालावरचं पेटंट परत आलं. पण कायद्यात काही दारं शिल्लक राहिली. कलम ३(ड) : जुन्या औषधाला नवा रंग लावून नवं पेटंट मागू नका. कलम २५ : पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध करू शकतो. कलम ८४ : औषध परवडत नसेल, मिळत नसेल, तर दुसऱ्याला परवाना द्या. यातल्या ८४ खाली या देशानं आजवर किती परवाने दिले? एक. तो नेक्साव्हरचा. एकदाच पायरी उतरले आणि घाबरून वर आले.

उरलेली दारंही आता ओढून घेतली जातायत. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी पेटंटला आधी विरोध करणाऱ्यावर फी बसवली आणि तो विरोध ऐकून घ्यायचा की नाही, हे आधी कंट्रोलर ठरवणार. उद्या दोन आजारी बाया उभ्या राहिल्या, तर त्यांना उंबऱ्यावरच थांबवता येईल. यावर किती मोर्चे निघाले? आपले पुढारी पुतळ्याच्या उंचीवर भांडत होते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. देशी कंपनी आपली मावशी लागत नाही. तीही नफ्यासाठीच बनवते. कॅन्सरच्या औषधांत मधले लोक किती खातात हे दिसलं, म्हणून तर सरकारला २०१९ मध्ये ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखावा लागला. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या हातात असावेत असं मांडलं. जीव वाचवणाऱ्या औषधाहून मूलभूत काय असतं? पिंपरीला १९५४ मध्ये सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी केली. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच सरकारनं तिची जमीन विकायचं आणि पुढं कंपनीच विकायचं ठरवलं. हे विकणारे हात आणि मदतीचा चेक देतानाचा फोटो काढून घेणारे हात एकच आहेत.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. घरात आज पेशंट असेल तर मिळेल ती मदत घ्या. लाजू नका. महात्मा फुले योजना घ्या. धर्मादाय हॉस्पिटलात गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत ठेवायच्या असतात, त्या दाखला नाचवून मागा. तो पैसा कुणाच्या बापाचा नाही. पण अर्ज लिहिता लिहिता आपण अर्जदारच होऊन बसलो, तर मेलो. प्रत्येक वस्तीत चार शिकलेली पोरं-पोरी आहेत. त्यांनी पेटंटचा कायदा वाचायला घ्या. विरोधाचा अर्ज कसा करतात ते शिका. वकिली शिकणाऱ्यांनी, फार्मसी शिकणाऱ्यांनी एकत्र बसा. २०२४ चा नियम मागे घ्या, कलम ८४ वापरा, सरकारी कारखान्यांत औषध बनवा, या तीन मागण्या घेऊन रस्त्यावर या.

ओंजळ धरून धरून हात वाकडे झालेत. ते आता सरळ करायचे. पायऱ्या कुठं आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे.

जय भीम!