गवंड्याचे कसब आणि सिमेंटची बाजारपेठ

२००५ साली होल्सिम ही स्विस कंपनी भारतीय सिमेंट उद्योगात उतरली आणि एसीसी व अंबुजा या दोन मोठ्या कंपन्या तिच्या वर्चस्वाखाली आल्या. २०२२ साली तिने त्या अदानी समूहाला विकल्या. शेअरबाजाराने या व्यवहारांची दखल घेतली. खेड्यातील गवंड्याशी त्यांचा काय संबंध, याची चर्चा मात्र झाली नाही. दगड, माती आणि लाकूड यांच्या घरावर होणारा खर्च बहुतांशी गावात व पंचक्रोशीत राहत असे. सिमेंट व लोखंडाच्या घरात त्याचा मोठा वाटा दूरच्या भांडवलाकडे जातो.

परके ते सारे त्याज्य, असा याचा अर्थ नव्हे. कोकणातील घरांवर दिसणारी मंगलोरी कौले ही मूळची बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूर येथे काढलेल्या कारखान्याची देणगी होय. तंत्र बाहेरचे होते. परंतु माती येथली होती आणि कौले चढविण्याचे कसब गावोगावच्या कारागिरांनी आत्मसात केले. जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बलुतेदारीने कारागिराला जातीत जखडले होते.

यावर किल्लारीचा दाखला दिला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. कोणत्याही परंपराप्रेमाने हे सत्य झाकता येणार नाही. तथापि, जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते आणि माळवदावर मातीचे प्रचंड ओझे होते, हे त्या संहाराचे प्रमुख कारण होते. गवंड्याला प्रशिक्षण देऊन असे दोष टाळता येतात. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात जुन्या घरांचे मजबुतीकरणही झाले. पण लोकमानसात काँक्रीट म्हणजेच सुरक्षितता हे समीकरण रुजले. जनगणनेच्या व्याख्येतही मातीची भिंत कच्चीच ठरते.

दुसरा मार्ग उपलब्ध आहे. लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात तिरुवनंतपुरम येथे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या अर्थशास्त्रीय संस्थेच्या इमारती स्थानिक विटा व स्थानिक कारागीर यांच्या बळावर उभारल्या. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीने सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि उष्णताही अडते.

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसविला. त्या निधीतून गवंड्यांना भूकंपरोधक स्थानिक बांधणीचे शिक्षण मिळावे, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. गावातील पुढची अंगणवाडी स्थानिक साहित्यात, रास्त मजुरी देऊन बांधावी, असा ठराव कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडावा. जागतिक भांडवलाविरुद्धच्या लढ्याची सुरुवात अशा एका भिंतीपासूनही करता येते.