दूधाधारी मठ आणि पर्णाधारी वानर

नर-वानर गण या नावाखाली प्राणिशास्त्र ज्या सस्तन प्राण्यांना एकत्र आणते, त्यांची ओळख काही ठळक शारीरिक खुणांवरून पटते: फांदी पकडणारा हात, नखरांच्या जागी बहुधा सपाट नखे, समोर रोखलेले आणि म्हणून अंतराचा नेमका अंदाज देणारे दोन डोळे, आणि शरीराच्या मानाने मोठा मेंदू. मनुष्य स्वतः याच गणातला असल्यामुळे बाकीच्यांकडे पाहताना तो तटस्थ राहत नाही. मराठी समाजात या प्राण्यांविषयी दोन मते रूढ आहेत. पहिल्या मतानुसार माकड हा अर्धवट राहिलेला माणूस असून त्याची अक्कल नकलेपुरती आणि वागणूक चाळ्यांपुरती असते; 'माकडचेष्टा', 'मर्कटलीला', 'माकडाच्या हाती कोलीत' हा सारा शब्दव्यवहार याच मतावर उभा आहे. दुसऱ्या मतानुसार वानर हा मारुतीचा अंश असून त्याला केळी, बुंदी, फुटाणे देणे ही सेवा होय. एक मत हेटाळणीचे आणि दुसरे भक्तीचे असल्याने ती परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोन्ही ठिकाणी प्राण्याच्या जागी माणूसच पाहिला जातो, एकदा खालच्या पायरीवर आणि एकदा वरच्या. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांचे खंडन अभिप्रेत आहे.

या दोन्ही मतांची गाठ पडावी असे एक ठिकाण म्हणजे रायपूरची पुरानी बस्ती. महामाया मंदिर, जैतूसाव मठ आणि दूधाधारी मठ यांचा हा परिसर असून, केवळ दुधावर राहणारे हनुमद्भक्त महंत बलभद्रदास यांच्यावरून दूधाधारी मठाचे नाव पडले, असे परंपरा सांगते. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरला आणि पुढे 1758 ते 1787 या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. त्या राजवटीच्या मागोमाग या मुलुखात मराठी भाषा आली आणि भाषेबरोबर कीर्तनातले दृष्टान्त व म्हणीही आल्या. मात्र येताना एक गोष्ट बदलली. पुण्या-साताऱ्याकडचा माणूस ज्याला 'माकड' म्हणतो आणि कोकणातला 'केलडे', ते डोक्यावर केसांची टोपी बसवल्यासारखे दिसणारे, लांब शेपटीचे दक्षिणी माकड होय, आणि त्याच्या प्रदेशाची उत्तर सीमा स्थूलमानाने तापी व गोदावरी या नद्यांशी संपते. छत्तीसगडात 'बेंदरा' म्हणून जे समोर येते ते आखूड शेपटीचे, तांबड्या तोंडाचे उत्तरी माकड, म्हणजे रीसस. काळ्या तोंडाचा, पाठीवर शेपटीची कमान करून चालणारा वानर तेवढा दोन्हीकडे आढळतो. म्हणजे शब्द तोच राहिला आणि प्राणी पालटला, तरी म्हणींना त्याचा पत्ता लागला नाही. जिला प्राणी कोणता हेही ठाऊक नाही, ती म्हण त्याच्या स्वभावाची साक्ष कशी देणार, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा नकलेचा. टोपीवाल्याची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, पण माकडे पाहून लगेच तसेच करतात याला निरीक्षणाचा आधार फार थोडा सापडतो. जपानच्या कोशिमा बेटावर 1953 मध्ये इमो नावाच्या एका लहान मादीने वाळू लागलेले रताळे पाण्यात धुऊन खाण्यास प्रारंभ केला. पूर्वपक्षाचे म्हणणे खरे असते तर आठवड्याभरात सारी टोळी रताळी धुऊ लागली असती. प्रत्यक्षात ही सवय आधी तिच्या सवंगड्यांत आणि आईत, मग नात्यागोत्याच्या वाटेने रेंगाळत पसरली. 1958 पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या 19 माकडांपैकी 15 जणांनी ती उचलली होती, तर प्रौढ 11 माकडांपैकी केवळ दोघांनी. नक्कल म्हणजे दुसऱ्याची कृती पाहून तीच क्रमवार उतरवणे. आणि या कामात मनुष्याच्या मुलाचा हात गणातला दुसरा कोणी धरू शकत नाही. दिल्लीचे उदाहरण या संदर्भात मोठे गमतीचे आहे. तेथे तांबड्या तोंडाच्या माकडांना पळवण्यासाठी वानर पाळून फिरवण्यास मनाई झाल्यावर, वानराचा आवाज काढणारे 40 तरुण त्या कामावर नेमल्याची माहिती 2014 मध्ये सरकारने राज्यसभेत दिली. नक्कल कोणाची कोण करतो, याचा निकाल त्या नोंदीत लागलेला आहे.

मग या माकडाची बुद्धी कोणत्या कामी येते? ती मुख्यतः दुसऱ्याला ओळखण्याच्या कामी येते. रीसस माकडाच्या टोळीत माद्या जन्मभर आपल्या टोळीतच राहतात, नर मोठे झाल्यावर बाहेर पडतात, आणि मुलीला आईच्या खालोखालचा मान मिळतो. बहिणींमध्ये तर धाकटी सहसा थोरलीच्या वर जाते. अशा समाजात कोण कोणाची, कोणाच्या मागे कोण उभे राहील आणि या क्षणी कोणाचे लक्ष कोठे आहे, हे न कळणाऱ्याचा निभाव लागत नाही. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर 1938 मध्ये भारतातून नेलेल्या रीसस माकडांचे वंशज राहतात. तेथे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन माणसे द्राक्षे घेऊन उभी केली असता, माकडांनी ज्याचे डोळे दुसरीकडे वळलेले होते त्याचेच द्राक्ष पळवणे पसंत केले. डोके समोर असून नजर तेवढी बाजूला असली तरी त्यांना ती कळत होती. बालीतील उलुवातू मंदिराची माकडे याहून पुढे गेली आहेत. ती यात्रेकरूंच्या वस्तू हिसकावून खाऊच्या बदल्यात परत देतात, आणि 2021 मधील अभ्यासानुसार त्यांतली मोठी, अनुभवी माकडे माणसाला अधिक मोलाची वाटणारी वस्तू निवडून उचलतात व भावही वाढवून घेतात. पुरानी बस्तीतल्या एखाद्या गच्चीवर रखिया बडी आणि बिजौरीचे वाळवण राखत बसलेल्या गृहिणीला हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडू नये. तिने मान वळवण्याची वाट कोणीतरी पाहत असते, हे तिला पुरते माहीत असते.

दुसरा मुद्दा लोभाचा. अरुंद तोंडाच्या मडक्यात फुटाणे ठेवले की माकड मूठ भरते, मूठ बाहेर निघत नाही, सोडवत नाही, आणि ते पकडले जाते, हा दृष्टान्त कीर्तनात मोक्षाच्या निरूपणासाठी उत्तम चालतो. प्राण्याच्या निरूपणासाठी तो लंगडा आहे, कारण माकडाचे साठवणीचे साधन मूठ नसून गाल आहे. मर्कट उपकुळातल्या प्राण्यांच्या दोन्ही गालांत आतून पिशव्या असतात. उघड्यावर मिळालेले धान्य त्यांत झटपट कोंबायचे, वरचढ माकडाच्या किंवा कुत्र्याच्या आवाक्याबाहेर जायचे, आणि मग झाडावर बसून हाताच्या उलट्या बाजूने गाल दाबत एकेक दाणा सावकाश चघळायचा, असा हा व्यवहार आहे. ज्याला अधाशीपणा म्हटले जाते ती जोखमीच्या जागी कमीत कमी वेळ थांबण्याची रीत होय. वानराला अशा पिशव्या नसतात. त्याची साठवण पोटात असते, आणि तिचा विचार पुढे येईल.

तिसरा मुद्दा क्रौर्याचा. तो सर्वांत गंभीर असून त्यावरचा वाद खुद्द छत्तीसगडच्या जंगलातून सुरू झाला, ही गोष्ट रायपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. फिलिस जे या अमेरिकी संशोधिकेने 1958 ते 1960 या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. तिला दिसलेले वानर शांत होते, टोळीत नर अनेक होते, भांडणे थोडी होती. त्यानंतर लवकरच युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने धारवाडच्या परिसरात वेगळेच पाहिले: बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला करून जुन्या हुप्याला हुसकावले, आणि नव्या हुप्याने अंगावर पिणारी पिले मारली. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांना आणि 1971 पासून अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांना हाच प्रकार आढळला. हर्डी यांची उपपत्ती अशी की, दूध पाजणारी मादी पुन्हा माजावर येत नाही. हुप्याची सत्ता सरासरी दोन-अडीच वर्षे टिकते. तेव्हा परक्याचे पिलू मारणाऱ्या नराला स्वतःची संतती लवकर मिळते, आणि ही वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. येथे हिशेब नराने मांडलेला नसतो, नैसर्गिक निवडीने मांडलेला असतो.

या उपपत्तीवर जोरदार आक्षेप आला तो ओरछाच्या अभ्यासिकेकडूनच, म्हणजे विवाहानंतर डॉलहिनो झालेल्या फिलिस जे यांच्याकडून. 1978 मध्ये त्यांनी रिचर्ड कर्टिन यांच्यासह मांडले की, धारवाड, जोधपूर, अबू ही सारी माणसाच्या दाट शेजाराची ठिकाणे आहेत, तेथे वानरांची गर्दी वाढलेली आणि अन्न माणसाचे, म्हणून शिशुहत्या ही स्वाभाविक वागणूक नसून बिघडलेल्या समाजाचा विकार आहे. हा पूर्वपक्ष हलका नव्हता, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांनी त्याचे बळ ओळखले नाही. निर्मनुष्य जंगलात तसे दिसत नाही तोवर तो अबाधितच राहणार होता. तो खोडला गेला तो छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या कान्हाच्या जंगलात. पॉल न्यूटन यांनी 1986 मध्ये तेथील शिशुहत्येची नोंद प्रसिद्ध केली, आणि कान्हात ना देवळाचा प्रसाद होता ना बाजाराची गर्दी. पुढे 1999 मध्ये नेपाळातील रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून मिळालेल्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. जेथे नाते ठरवता आले तेथे हल्ला करणारा नर त्या पिलाचा बाप नव्हता, आणि मादीच्या पुढच्या पिलाचा बाप मात्र तोच असण्याचा संभव होता. तेव्हा अशा घटनेचे वर्णन 'बापाने पिलू मारले' असे जेथे केले जाते, तेथे शास्त्र आणि भाषा दोन्हींचा अपराध होतो.

यावरून वानर क्रूर ठरतो काय? ठरत नाही, आणि ओरछाचे निरीक्षण खोटेही ठरत नाही. जेथे टोळीत नर अनेक असतात तेथे सत्तापालट कमी झटक्याने होतो आणि पिलाचे रक्षण करू शकणारे नरही असतात. वानरीही मुकाट्याने सारे सोसत नाहीत. त्या एकवटून नराला परतवून लावतात, आणि गर्भार असतानाही नव्या नराशी समागम करून पिलाचा बाप कोण याचा घोळ निर्माण करतात. एकाच जातीच्या प्राण्याला परिस्थितीनुसार वेगवेगळे वागता येते, एवढेच नव्हे तर त्याच टोळीतल्या नर-मादींचे हितही एक नसते, हा या वादातून हाती आलेला सिद्धान्त होय.

मादीविषयी आणखी एक दृष्टान्त प्रचलित आहे. हौदात पाणी चढू लागले की माकडीण शेवटी पिलाला पायाखाली घेऊन उभी राहते, अशी बिरबलाच्या नावावर चालणारी ही गोष्ट आहे. तिच्यात परीक्षा कोणाची होते, हे उघड आहे: सुटण्याची वाट बंद करून ठेवणाऱ्याची. रानातले चित्र असे की, माकडिणी मेलेले पिलूही कित्येक दिवस छातीशी धरून हिंडताना आढळतात. याउलट परंपरेतलाच एक दाखला येथे मंडनासाठी घेण्यासारखा आहे. रामानुजीय वेदान्तातील मर्कटकिशोरन्याय म्हणतो की, जीवाने ईश्वराला माकडाच्या पिलासारखे स्वतः धरून ठेवावे. मांजरीने तोंडात धरून न्यावे तसे नव्हे. हे निरीक्षण चोख आहे. नवजात पिलाची मूठ आईच्या केसांत जन्मतःच घट्ट बसते आणि आई चारही पायांनी मोकळी धावते. मात्र ते रीससला जितके लागू पडते तितके वानराला पडत नाही, कारण वानरी आपले काळसर नवजात पिलू पहिल्याच दिवसापासून टोळीतल्या इतर वानरींच्या हाती देते, आणि ते दिवसभर या हातातून त्या हातात फिरते. न्यायकारांनी माकड पाहिले होते, एवढे निश्चित.

राहिला भक्तिपक्ष. त्याचे खंडन बुद्धीच्या अंगाने करता येत नाही, पोटाच्या अंगाने करावे लागते. वानर हा मुख्यतः पाला, कळ्या, कच्ची फळे आणि बिया खाणारा आहे. पाने पचणे अवघड, म्हणून त्याचे जठर गाई-म्हशींप्रमाणे कप्प्याकप्प्यांचे असते. पुढच्या कप्प्यांत जीवाणू पाला आंबवतात आणि मागच्या कप्प्यात ते जीवाणूच पचवले जातात. जीवाणूंचे कवच फोडणारे लायसोझाइम हे द्रव्य वानराच्या जठरात असून, त्याच्या रचनेत गाईच्या लायसोझाइमसारखेच काही बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत, हे 1987 मध्ये दाखवले गेले. गाय आणि वानर यांचे नाते दूरचे. गरज एक, म्हणून तोडगाही एक निघाला. अशा पोटात बुंदी आणि पिकलेली केळी एकदम पडली की आंबण्याची क्रिया भडकते आणि आम्ल वाढते, जसे लग्नातले उरलेले अन्न खाऊन गाय फुगते तसेच. वानर ते आवडीने खातो, हा भक्तिपक्षाचा युक्तिवाद टिकत नाही, कारण गायही शिळा भात आवडीनेच खाते.

रीससला त्याच दानाने वेगळे अपाय होतात. त्याचे पोट सारे पचवते, पण विनासायास अन्न मिळणाऱ्या टोळीत जन्म वाढतात, भांडणे वाढतात, आणि माणसाच्या हातातली पिशवी म्हणजे अन्न हे समीकरण त्याच्या चाणाक्ष डोक्यात पक्के बसते. त्यानंतर चावण्याची पाळी आली की तेच दाते पिंजरे मागू लागतात. त्यातच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींतून हे माकड 2022 च्या दुरुस्तीने वगळले गेले आहे. मठाचे महंत दूधाधारी होते, तसा वानर पर्णाधारी आहे. शनिवारी त्याच्यासाठी काही करावयाचेच असेल, तर एखाद्या तळ्याच्या काठच्या पिंपळाची कोवळी पालवी तोडली जाऊ न देणे एवढे पुरेसे आहे, आणि बेंदऱ्यासाठी तर काहीच करावे लागत नाही.